डिक्शनरीचे चार वाटे

हेडसरांच्या टेबलावर डिक्शनरी चार तुकड्यांत पडली होती आणि सर संतापानं लालबुंद झाले होते. समोर भिंतीला टेकून रिंकू, खुशबू, स्वप्निल आणि अमर उभे. चौघंही दहावीची, तलावावर मासे धरणाऱ्या घरांतली.

"फाडली! एवढी महागाची वस्तू फाडली!" सर ओरडले. "मॅडम, तुमीच देल्ली ना यायले?"

मीच दिली होती. नागभीडजवळच्या या शाळेत मी इंग्रजी शिकवते. ब्रह्मपुरीला शाळांची शब्दस्पर्धा होती: चौघांचा संघ, अवघड इंग्रजी शब्द, अर्थ सांगायचा आणि वाक्यात वापरायचा. जिंकणाऱ्या संघाला तिथल्या वसतिगृहात राहून अकरावी-बारावी फुकट. नाहीतर रिंकूची शाळा दहावीलाच संपणार, हे तिच्या आईनं, गिरजाबाईनं, मला स्वच्छ सांगून टाकलं होतं. आणि शाळेतली एकुलती एक मोठी डिक्शनरी सहा वर्षं सरांच्या कपाटात, कुलपात, पाहुण्यांना काचेतून दाखवायला! पंधरा दिवसांपूर्वी सर रजेवर गेले तशी मी शिपायाकडून किल्ली घेतली आणि डिक्शनरी पोरांना दिली. आज सर परतले आणि त्यांनी ती परत मागवली.

खरं सांगते, तुकडे पाहून आधी मलाही पोरांचाच राग आला. "हे काय केलंत, रिंकू?"

"मॅडम, मासोळीचे वाटे पाडतेत ना, तसे पाडलो," रिंकू म्हणाली. "पुस्तक एक, आमी चार. एकाच्या घरी गेलं का बाकीचे रिकामे. मंग चार वाटे केलो. स्वप्निल पाठमोरा उभा राह्यला, कोनता वाटा कोनाचा ते त्यानंच न पाहता सांगतलं, म्हनजे भांडन नाई. आता रोज शाळेत येता-येता आपापल्या वाट्यातले दहा शब्द बाकीच्यायले सांगतो."

"ऐका! मासोळ्या वाटनाऱ्यायले पुस्तकाची काय किंमत?" सर म्हणाले. "चौघायची नावं कापतो. कोनी जात नाई ब्रह्मपुरीले."

खुशबूला रडू फुटलं. रिंकू रडली नाही, नुसती जमिनीकडे बघत राहिली. माझं मात्र डोकं फिरलं. मी टेबलावरचा अमरचा वाटा उचलला. डिक्शनरीचा शेवटचा भाग, अर्ध्या पानांची वाळवीनं चाळणी केलेली.

"हे कोणी खाल्लं, सर? या पोरांनी?"

सरांनी नजर कपाटाकडे वळवली.

"कपाट तुमचं, कुलूप तुमचं. सहा वर्षांत हे पुस्तक एकाही पोराच्या हाती दिलं नाहीत, वाळवीला मात्र पोटभर दिलंत. मग आधी तिचं नाव कापा!"

अमर हळूच म्हणाला, "मॅडम, मायावाला वाटा खराब निंगाला, तं या तिघायनं आपापल्यातली वीस-वीस पानं मले देल्ली. मासोळीतबी कोनाचा वाटा कमी आला का बाकीचे देतेच."

पुस्तकाची किंमत कोणाला कळली होती, हे आता त्या खोलीत सगळ्यांना दिसत होतं. पण सर हट्टाला पेटले होते. त्यांनी रिंकूकडे बोट केलं. "एवढे हुशार आहात तं सांग. रिलक्टंट म्हनजे काय?"

"तो खुशबूचा वाटा आहे, सर."

"पाहा!" सर माझ्याकडे वळून हसले.

"पन तिनं सांगतला ना आमाले," रिंकू म्हणाली. "एकादं काम कराचं मनातून नसते, मांगं-मांगं सरते मानूस, तो रिलक्टंट."

सरांचं हसू गेलं. "वाक्यात सांग."

मी स्पर्धेचा अर्ज त्यांच्यापुढे सरकवला आणि वर पेन ठेवलं. रिंकूनं अर्जाकडे पाहिलं, मग सरांकडे.

"अवर हेडसर इज रिलक्टंट टू साइन."

दारातल्या शिपायानं हसू लपवायला तोंड फिरवलं. सरांनी सही केली, कागद फाटेल इतक्या जोरात.

चौघांनी आपापले वाटे दप्तरात कोंबले आणि धूम ठोकली. सर उठले, कपाटाजवळ गेले आणि सवयीनं त्याला कुलूप लावलं. आत आता फक्त वाळवी होती.