सूर्यभानचा माईक

मित्रांनो, मी माईक आहे. आता जुना झालो आहे. माझ्या जाळीला पोचे आहेत, मुठीचा काळा रंग उडाला आहे आणि वायर हलली की मी खरखरतो. तरी मानवतच्या आसपासच्या गावांत मला सगळे ओळखतात. मी सूर्यभानचा माईक.

परभणीच्या एका दुकानात मी काचेमागे पडून होतो. गिऱ्हाईक येई, मला हातात घेऊन 'हॅलो, हॅलो' म्हणे आणि परत ठेवी. सूर्यभान मात्र मला घेऊन म्हातारीसारखा खोकला. मग त्या म्हातारीने दुकानदारापाशी सुनेची गाऱ्हाणी सुरू केली. दुकानदार हसता हसता खालीच बसला. त्या दिवशी मी सूर्यभानच्या भारूड मंडळात आलो.

सूर्यभान लुगडं नेसून सासू होई. शेजारी टाळ घेऊन त्याचा जिवाभावाचा मित्र मुंजाजी उभा राही. मुंजाजीने भोळेपणाने विचारायचं, सूर्यभानने उत्तर द्यायचं आणि लोकांनी पोट धरायचं. एस.टी.त सूर्यभान मला आपल्या पंच्यात गुंडाळून मांडीवर ठेवी. त्याचा श्वाससुद्धा मला पाठ होता. माझ्याइतकं त्याला कुणीच ओळखत नाही, असं मला वाटायचं.

गेल्या साली पोळ्यानंतर त्याच्या छातीत दुखायला लागलं आणि दवाखान्याच्या वाटेवरच तो गेला. मला पत्र्याच्या पेटीत ठेवलं. तिथे माझा जीव कासावीस व्हायचा. वर भांडं वाजलं तरी वाटे, कुणीतरी न्यायला आलं. उंदराने वायर कुरतडली. ओरडावं म्हटलं तर विजेशिवाय माझा आवाज निघत नाही.

वर्षश्राद्धाच्या दिवशी मारुतीच्या देवळापुढे मांडव घातला. मुंजाजीने मला बाहेर काढलं, वायरला पट्टी चिकटवली आणि शेजारच्या आश्रुबाला हळूच म्हणाला, "आजचा दिवस झाला की मंडळ बंद. जिंतूरच्या जत्रेवाल्यांना न्हाई म्हणून कळवायलोय."

माझं बटण चालूच होतं. सगळ्या मांडवाला ते ऐकू गेलं. बायकांच्या बाजूला बसलेल्या तानुबाईला, सूर्यभानच्या बायकोलाही. मुंजाजीने मान खाली घातली. मी तर सुन्न झालो. म्हणजे आता पुन्हा ती पेटी.

मग एकेक जण आठवणी सांगायला उठला. स्टँडवर हॉटेल चालवणारा आश्रुबा म्हणाला, "माझा लेक गेला तवा सूर्यभान रोज हाटेलात यायचा. कपबश्या विसळायचा अन् जायचा. एक शबूद बोलला न्हाई."

पूर्णेला दिलेली सूर्यभानची मुलगी रेणुका म्हणाली, "मी सासरी निघाले तवा सगळे रडायले व्हते. दादा नुसतेच माझ्या पिशवीची गाठ सोडायले अन् परत बांधायले."

माझी चुळबूळ वाढत गेली. हा कोणता सूर्यभान? मला ठाऊक होता तो बोलणारा. हा गप्प बसणारा माणूस मला कधी भेटलाच नव्हता.

तानुबाईपाशी मला नेलं तेव्हा तिने हात मागे घेतला. "मला बोलता येत न्हाई."

रेणुकाने मला तिच्या मुठीत दिलं. तानुबाईने उलथनं धरावं तसं मला धरलं. बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. लोक थांबले.

"ह्ये घरी बोलतच नव्हते," ती म्हणाली. "तुमाला हसवून आले की भाकर खायचे अन् भिंतीला टेकून बसायचे. मला लय राग यायचा. भांडायची मी. मंग एकदा कार्यक्रमाला जाऊन मागं बसले. तिथं ती सासू बोलायली, तर ते समदं माझंच बोलनं. चुलीपुढं म्या केलेली बडबड. तवा कळलं, ह्ये घरी गप बसून मला ऐकायलेत."

कुणी हसलं, कुणी डोळे पुसले.

"मुंजाजी भावजी, घरी त्यायचा आवाज नव्हताच. जे ऐकलं ते तुमच्या मंडळात. ते बंद केलं तर म्या ऐकायला जाऊ कुठं?"

मुंजाजी म्हणाला, "वहिनी, उत्तर देणारा माणूसच ऱ्हायला न्हाई."

"तुमी द्या," तानुबाई म्हणाली. "चुकलं तर चुकलं."

जिंतूरच्या जत्रेत मुंजाजी लुगडं नेसला. टाळ घेऊन विचारायला आश्रुबा उभा राहिला. मुंजाजीची मूठ घामाने ओली होती. मी हातातून निसटतो की काय, अशी मला धास्ती. तो दोनदा अडखळला. काही जागी लोक हसले, काही जागी हसले नाहीत. खेळ संपल्यावर तानुबाई त्याच्याजवळ आली आणि म्हणाली, "मी अशी बोलत न्हाई, भावजी. बसा, दाखवते." आणि तिथेच, सतरंजीवर, ती बोलायला लागली. मुंजाजी गप्प बसून ऐकत राहिला.

मित्रांनो, माझं मन अजून ठिकाणावर नाही. मुंजाजीच्या हाताची मला सवय व्हायची आहे आणि माझी वायर कधी दगा देईल सांगता येत नाही. तुमच्या गावातही माझ्यासारखा एखादा माईक असेल. त्याला ओलीत ठेवू नका, वायर ओढून काढू नका. आणि 'मला बोलता येत नाही' असं म्हणणाऱ्या माणसाच्या हातात तो एकदा द्या. दिलात की घाई करू नका. थोडं थांबा.