तिसऱ्या रांगेतली छत्री

तीस वर्षं मी इटलीतल्या या किनाऱ्यावर सुट्टीला येणाऱ्यांसाठी भाड्याच्या छत्र्या रोवतोय. इथली माणसं एक वेळ बायको बदलतील, पण छत्रीची जागा बदलणार नाहीत. पाण्यालगतची पहिली रांग तर कुणी मेल्याशिवाय रिकामी होत नाही. तिच्यासाठी वाट पाहणाऱ्यांची यादी असते.

बोलोन्या शहरातून येणाऱ्या दिर्चेबाई आणि त्यांचा नवरा एवारिस्तो बावीस उन्हाळे तिसऱ्या रांगेत बसले. यादीत नाव एवारिस्तोनेच घातलं होतं. या हिवाळ्यात तो गेला. जूनमध्ये बाई एकट्याच आल्या, तेव्हा यादीतला नंबर लागला होता आणि एवारिस्तोची राहून गेलेली इच्छा म्हणून मी मोठ्या हौसेने त्यांची छत्री पहिल्या रांगेत लावून ठेवली होती. खाली एकच आरामखुर्ची.

"कुणी सांगितला होता हा शहाणपणा?" बाई कडाडल्या. "माझ्या शेजारणी मागे तिसऱ्या रांगेत, इथे गप्पा कुणाशी मारू, माशांशी? पहिली रांग त्याला हवी होती. मला नको होती, पण त्याच्यासाठी मी गप्प बसले."

मलाही राग आला. "बाई, त्याचा नंबर याआधीही तीनदा लागला होता! तिन्ही वेळा मला बाजूला घेऊन म्हणाला, 'पुढच्याला दे, पण हिला कळू देऊ नकोस. मला नुसता समुद्र पुरेल, पण शेजारणींशिवाय ही दोन दिवसांत वाळून जाईल.'"

बाईंनी त्या एकट्या आरामखुर्चीकडे पाहिलं.

"गाढव कुठला," त्या हळूच म्हणाल्या.

मी छत्री उपटून तिसऱ्या रांगेकडे निघालो, तशी मागून हाक आली, "आणि खुर्च्या दोन लाव!"