उरलेले दोन

ताहेर गेला तेव्हा मला काहीच वाटलं नाही. हे आधीच सांगून मोकळा होतो, म्हणजे पुढं कुणी मला फार चांगला माणूस समजायला नको. एकवीसच्या एप्रिलात फोन आला, मी 'हाव' म्हणालो, फोन ठेवला आणि ताटात उरलेला भात खाल्ला. कोरोनामुळं कब्रस्तानात चौघांनाच सोडत होते, त्यात मी नव्हतो. त्याला पाच वर्षं झाली. दाढ काढायच्या आधी डॉक्टर सुई देतो आणि गाल आपला राहत नाही, तसं माझं तेव्हापासून चाललंय.

ताहेरचा नांदेडात वजिराबादेला फोटो स्टुडिओ होता आणि त्याच्याच डोक्यावर, वरच्या मजल्यावर, माझा कॉम्प्युटर क्लास. दोघांना खूळ एकच, विमानाचं. खऱ्या विमानात मी आयुष्यात एकदा बसलो, तेही डोळे मिटून. आमचं विमान कॉम्प्युटरवरचं. फ्लाइट सिम्युलेटर म्हणतात त्याला, घरबसल्या उडवायचं. कंपनीनं त्यात जगभरातली विमानतळं दिली होती, पण नांदेड म्हणजे नुसती एक काळी पट्टी आणि भोवती गवत. लातूरचा तर तेवढाही मान ठेवला नव्हता. ताहेर म्हणाला, "मास्तर, ये तो अपनी बेइज्जती है." तर त्या बेइज्जतीपायी आम्ही तीन वर्षं घासली आणि नांदेड-लातूरचं ॲड-ऑन बनवलं. म्हणजे वरून जोडायचा भाग. तो घेतला की तुमच्या सिम्युलेटरमध्ये आमची दोन्ही विमानतळं हुबेहूब उभी राहतात.

इमारतींचे सांगाडे मी बांधायचो, अंगावर कपडे ताहेर चढवायचा. एका मोठ्या चौकोनी फोटोत भिंती, पत्रे, दारं, खिडक्या दाटीवाटीनं बसवायच्या आणि प्रत्येक इमारतीला सांगायचं की तुझी भिंत या फोटोतल्या अमुक तुकड्यातून घे. या चौकोनाला शीट म्हणतात. आमच्या अकरा शीट होत्या. ताहेर दुसऱ्याचे फोटो वापरायचा नाही. दुपारी चारच्या उन्हात स्वतः जाऊन भिंतीसमोर उभा राहायचा. सिक्युरिटीवाल्यांनी त्याला दोनदा हाकललं, तिसऱ्यांदा चहा पाजला.

मग नवा सिम्युलेटर आला. हा लई शहाणा. उपग्रहाचे फोटो बघून स्वतःच गाव उभं करतो. आमच्या हदगावकडच्या माळवदांवर त्यानं परदेशी लाल कौलं चढवली, पण लोक खूश. आमचं जुनं काम त्यात चालत नव्हतं. विकणाऱ्या वेबसाइटचा मेल आला की जुन्या प्लॅटफॉर्मचा माल एकतीस मार्चला काढून टाकू, नवी आवृत्ती असेल तर द्या. मी वाचला आणि बंद केला. माल काढला गेला. मला काही वाटलं नाही, हे वेगळं सांगायला नको.

मेमध्ये सुमय्या आली. ताहेरची एकुलती एक, विष्णुपुरीला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला. समोरच्या स्टुलावर बसली आणि सरळ म्हणाली, "चाचा, तुमच्या विमानतळात अब्बूंचं नाव होतं. आता सापडत नाही."

"काढलं त्यांनी."

"परत घाला ना."

 ती जायला उठली आणि दारात थांबली. "अजून एक. तुमच्याकडं अब्बूंचा फोटो आहे का?"

फोटोग्राफरच्या पोरीनं हे विचारावं म्हणजे कमाल झाली. पण खरं होतं. ताहेर सदा कॅमेऱ्याच्या मागं. घरात भिंतीवर फोटो लावायची पद्धत नाही. त्याचा मोबाइल आणि लायसन्स दवाखान्यातून परत आलेच नाहीत, आणि स्टुडिओ विकला तेव्हा कॉम्प्युटरही त्यातच गेला. राहिला होता निकाहचा अल्बम, त्यात बावीस वर्षांचं बिनदाढीचं पोरगं, आणि आधार कार्ड, ज्यावर कुणीच स्वतःसारखा दिसत नाही.

"मला त्यांची मान आठवते," सुमय्या म्हणाली. "रोज गाडीवर मागं बसून शाळेत जायचे ना. मानेवरचा तीळसुद्धा आठवतो. चेहरा जाऊन राहिला, चाचा."

माझ्याकडं फोटो नव्हता. मी तसं सांगितलं. नाव मात्र परत घालतो म्हणालो.

महिनाभर बसलो. सांगाडे नव्या पद्धतीचे केले, शीट नव्या साच्यात आणल्या. आणि तिथं मी शहाणपणा केला. शीटवर जो भाग कुठल्याच भिंतीला लागत नाही तो पुसून टाकणारा एक छोटा प्रोग्राम लिहिला. चाळीस एमबी वाचले. मी कोऱ्या मनानं बटण दाबलं आणि साफ केलेल्या शीट जुन्यांवरच सेव्ह केल्या. नवा सिम्युलेटर बसवायचा म्हणून माझा जुना कॉम्प्युटर त्याआधीच पुसला होता. प्रत ठेवावी, एवढी अक्कल पोरांना मीच शिकवतो.

पुढच्या शुक्रवारी, नवी आवृत्ती ज्यांना तपासायला दिली होती त्यांपैकी एका परदेशी गृहस्थानं चित्र पाठवलं. आमच्या फायर स्टेशनची भिंत, आणि तिच्यावर सहा मीटर उंच एक म्हातारा. डोक्यावर टोपी, दोन्ही कान नीट दिसतायत, नजर समोर. खाली विचारलं होतं, हे कोण आहेत?

ते माझे वडील होते, दगडोबा. हदगावच्या शेतात या घडीलाही निंदणाऱ्या बायांवर खेकसत असतील.

मी त्या चित्राकडं बघत राहिलो आणि मग सगळं उलगडलं. पासपोर्ट फोटोच्या एका कागदावर आठ फोटो बसतात. गिऱ्हाइकाला हवे असतात सहा. उरलेल्या दोन जागा ताहेर कधीच कोऱ्या जाऊ द्यायचा नाही, कुणाचा तरी फोटो तिथं घालायचा. मला रागवायचा, "कागद खाली नको छोड, मास्तर. गुनाह लगता." तेच त्यानं शीटवर केलं होतं. भिंती बसवून झाल्या की कोपरे उरायचे, त्या कोपऱ्यांत त्यानं गिऱ्हाइकांचे फोटो भरले होते. कुठल्याच इमारतीला तो भाग लागत नसल्यामुळं कुणाला कधी दिसले नाहीत. मलाही नाही. फायर स्टेशनची भिंत मी नव्या साच्यात चुकून सरकवली, ती वडिलांवर जाऊन बसली, आणि ती जागा वापरात आहे असं समजून माझ्या प्रोग्रामनं तेवढीच सोडली. बाकी सगळे चेहरे मी माझ्या हातानं पुसले होते.

एवढ्या चेहऱ्यांत एखादा ताहेरचा स्वतःचा असेल, ही पहिली गोष्ट मनात आली. दुसरी, की तोही मीच पुसला.

वेबसाइटला जुनी प्रत मागितली. त्यांच्या मशीननं उत्तर दिलं की आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.

मग रामलिंगअप्पा आठवले. लातूर डेपोचे रिटायर एसटी ड्रायव्हर. रोज जेवण झालं की आमच्याच जुन्या ॲड-ऑनवर नांदेड-लातूर एक फेरी मारणार आणि महिन्यातून एकदा मला फोन करून झापणार, "कशाला नवं नवं करून राहिलाव? जुन्याला काय धाड भरली?" शनिवारी सकाळी मीच फोन लावला.

"अप्पा, जुना कॉम्प्युटर आहे ना अजून?"

"हाय की. पर पोरानं पुन्याहून नवा धाडलाय. मेकॅनिक आलाय आत्ताच, जुना घेऊन जानार हाय."

"त्याला थांबवा. मी निघालो."

"काय झालं?"

सांगितलं. माझ्या दोस्ताचा चेहरा त्यात असेल, पोरीला पाहिजे, दुसरीकडं कुठंच नाही. कॉपी कशी करायची ते फोनवर सांगण्यात अर्थ नव्हता. अप्पांना विमान उतरवता येतं, फाइल कॉपी करता येत नाही.  "या तुमी," एवढंच म्हणाले.

साडेतीन तासांचा रस्ता. लोहा गेलं, अहमदपूरला बस अर्धा तास उभीच राहिली, कंडक्टर कुठं गेला कुणाला माहीत नाही. शेजारचा माणूस सोयाबीनच्या बियाण्याबद्दल बोलत होता आणि मी हाव हाव करत होतो. मला धाकधूक वाटायला हवी होती. मी खिशातला पेन ड्राइव्ह तेवढा चाचपत होतो, दर पाच मिनिटांनी.

अप्पांच्या घरात शिरलो तर मेकॅनिक सोफ्यावर चौथा चहा पीत बसलेला, तोंड एवढंसं. अप्पा कॉम्प्युटरसमोर पाठ ताठ करून. स्क्रीनवर लातूरचं विमानतळ खाली दिसत होतं आणि विमान वर गोल गोल फिरत होतं.

"तुमचा फोन ठिवला आन् नांदेडहून उचललं," अप्पा मान न वळवता म्हणाले. "तीन तास झाले घिरट्या घालून राहिलो. ह्याला म्हनलं, गाडी रस्त्यावर असताना ड्रायव्हरला उठवत न्हाईत. डिझेल संपत आलंय. उतरवू का आता?"

"उतरवा," मी म्हणालो.

त्यांनी सावकाश उतरवलं, पट्टीच्या कडेला नीट लावलं, इंजिन बंद केलं आणि मगच खुर्ची सोडली. मेकॅनिकनं कप खाली ठेवला.

अकराही शीट पेन ड्राइव्हवर घेतल्या. तरी घरापर्यंत दम निघेना, तिथंच एकेक उघडली. कोपऱ्याकोपऱ्यात माणसं. निराधार योजनेच्या बाया, दहावीची पोरं, एक हवालदार, डोळे मिटलेली एक नवरी. माझे वडील दोनदा. दहा शीट झाल्या. ताहेर नव्हता.

अकरावी लातूरच्या टर्मिनलची. पत्र्याच्या छताखाली, पार तळाला, तो होता. स्टुलावर बसलेला, कॉलर नीट, दाढी नीट, फोटो मात्र वाकडा आणि कपाळाच्या वर कापलेला. आणि हसत होता. पासपोर्ट फोटोत हसायचं नसतं हे लोकांना सांगून सांगून ज्याचा घसा बसायचा, तो दात दाखवून हसत होता.

"ह्योच का?" अप्पांनी विचारलं.

"हाव."

"वरचं डोस्कं कुठाय?"

"माझ्या हातून कापलं."

तेव्हा आठवलं. लायसन्सला फोटो पाहिजे होता म्हणून त्यानं लाइट लावले, स्वतः बसला आणि कॅमेरा माझ्या हातात दिला. मी इतका वेळ नेम धरत राहिलो की तो म्हणाला, "मास्तर, बटन दबाना है, निबंध नहीं लिखना," आणि हसला, आणि मी दाबलं. फोटो बघून म्हणाला, फेकण्याच्या लायकीचा आहे. मग टायमर लावून स्वतःच स्वतःचा काढला. लायसन्सवर तो गेला. हा फेकला असेल असं मी समजून होतो.

मला वाटलं आता रडू येईल. आलं नाही. मेकॅनिकनं वायरी काढल्या आणि कॉम्प्युटर घेऊन गेला.

नांदेडला येऊन जुन्या शीट नव्या आवृत्तीत जशाच्या तशा घातल्या, माणसांसकट. फायर स्टेशनची भिंत जागेवर नेली, वडील पुन्हा कोपऱ्यात गेले. बदलांच्या यादीत लिहिलं: 'आकार चाळीस एमबीनं वाढला आहे. कारण विचारू नये.' वर ताहेरचं नाव टाकलं, माझ्या आधी.

मग एक कागद छापून घेतला, आठ घरांचा. आठही घरांत ताहेर, उरलेलं काही नाही. तो घेऊन विष्णुपुरीला गेलो. सुमय्या गेटवर आली. कागद हातात धरून उभी राहिली. लई वेळ बघत होती, इतका की वॉचमन आमच्याकडं बघायला लागला.

"कुणी काढला?" तिनं विचारलं.

"मी."

"वाटलंच. डोकं कापलंय." मग एका घरावरून अंगठा फिरवला. "अब्बू फोटोत हसायचे नाहीत. आम्हालाही हसू द्यायचे नाहीत. हे तर तुमच्याकडं बघून हसून राहिलेत, चाचा."

तिनं कागद दुमडला नाही, वहीत सपाट ठेवला आणि आत गेली. मी ऑटोला हात केला. ऑटो थांबला, आणि तिथं, त्या रस्त्यावर, ती दाढेची सुई उतरली. पाच वर्षांनी. दुखायला लागलं, खरंच लई दुखायला लागलं. ऑटोवाला कुठं जायचं म्हणून विचारत होता आणि माझ्या तोंडून वजिराबाद काही निघेना.