मझालचा मुलगा

"हा हाईम कोण?" अब्बांनी डोळे न उघडताच विचारलं.

उशाशी प्रार्थना पुटपुटणारा माझा मोठा भाऊ अमिशाय चपापला. सकाळीच सिनेगॉगमध्ये त्यानं अब्बांच्या सासून या नावाआधी हाईम, म्हणजे जीवन, लावून घेतलं होतं. दुखणं हाताबाहेर गेलं की आम्हा ज्यूंमध्ये तसं करतात. मृत्युदूत जुन्या नावाचा माणूस शोधत येतो आणि हात हलवत परत जातो.

"तुम्हीच, अब्बा. हाईम सासून."

"अरे गाढवा, जन्मभर जेरुसलेमच्या गल्ल्यांतून टपाल वाटलं मी. चुकीच्या नावाची पत्रंसुद्धा बरोबर दारात टाकली. तो मृत्युदूत काय माझ्यापेक्षा अडाणी आहे?"

मी इतकी हसले, की मांडीवरचा माझा तान्हा यायर दचकला. मग अब्बांना धाप लागली आणि हसू विरलं. बाळ झोपलं की त्याच्या नाकाशी बोट धरून बघायची मला खोड आहे. आता मी दोघांचे श्वास ऐकत होते.

वॉर्डच्या डॉक्टरबाई आल्या. "फुप्फुसं थकलीत. श्वासाची नळी घालायची का, ते आत्ता ठरवा. एकदा यंत्र सुरू झालं की इथल्या कायद्यानं आम्हाला ते बंद करता येत नाही."

"घाला," अमिशाय म्हणाला. "घटकाभराचं आयुष्य म्हणजेसुद्धा आयुष्यच."

"नको," अब्बा म्हणाले.

"त्यांना काय कळतंय आता!"

"टपालाचं कळतंय, मग नळीचं कळत नाही?" मी म्हटलं. "रब्बी काल काय म्हणाले? चालू यंत्र थांबवायचं नाही, पण नको म्हणणाऱ्यावर नवं लादायचंही नाही. पाणी, प्राणवायू, वेदनेचं औषध, हे सगळं चालू राहील."

"बापाला मारायला निघालीस, तिर्झा?"

मी यायरला घट्ट धरलं.

"हे त्यांच्या तोंडावर विचार. उत्तर त्यांनी दिलंय." आणि डॉक्टरबाईंकडे वळले. "नळी नको."

अमिशायनं हातातलं प्रार्थनेचं पुस्तक मिटलं.

दुपारी अब्बांचं बोलणं थांबलं. वाकडी झालेली उशी सारखी करायला मी पुढे झाले, तर अमिशायनं हळूच माझा हात अडवला. "आता हलवू नकोस त्यांना." प्राण जायला लागले की माणसाला हात लावायचा नसतो.

त्यानं पुन्हा प्रार्थना धरली. आजाऱ्यासाठी मागताना त्याच्या नावापुढे बापाचं नाही, आईचं नाव घेतात; अब्बांची आई मझाल.

"हाईम सासून..." म्हणून तो थांबला. यायर माझं बोट चोखत होता.

"सासून," अमिशायनं पहिल्यापासून सुरुवात केली. "मझालचा मुलगा."