मारणाऱ्याने चार शब्द बोलायचे

रविवारी दुपारी आमच्या जेवणाच्या टेबलावर एक परका ग्रह मांडला जातो. ताटं उचलायची, टेबल पुसायचं, राखाडी कापड अंथरायचं, त्याखाली वाट्या उपड्या घालून डोंगर करायचे आणि दोन्ही बाजूंना बोटाएवढे सैनिक उभे करायचे. पुठ्ठ्याची यानं, तोफा, काचेची शिरस्त्राणं, कशालाच कमी नाही. खेळणारे मात्र दोघेच, माझे बाबा आणि माझा दादा. वहिनी पंच. ती शाळेत खेळ शिकवते आणि शिट्टी घरीसुद्धा गळ्यातून काढत नाही. मी प्रेक्षक, शिवाय बांधकाम खातं माझ्याकडे.

बांधकाम म्हणजे समाधी. या खेळात सरदार पडला की त्याला इतरांसारखं खोक्यात टाकत नाहीत. त्याला वीरांच्या समाधीत ठेवतात आणि तो पुन्हा कधीच रणांगणावर येत नाही. मी दातांच्या कवळ्या बनवते, त्यामुळे आमची समाधी साच्यांच्या पिवळसर प्लास्टरची आहे. खांब माझ्या मते देखणे झालेत. वहिनीच्या मते त्या दाढा आहेत.

नियम असा, की ज्याच्या हातून सरदार पडला त्यानेच समाधीपाशी उभं राहून त्याच्याबद्दल चार चांगले शब्द बोलायचे. थट्टा चालत नाही, आणि जे बोलायचं ते मनापासून. या बाबतीत वहिनी नवऱ्याचं ऐकत नाही आणि सासऱ्यांचंही नाही.

आमचं घोडं नेमकं इथेच अडलं होतं. बाबांनी जन्मभर घड्याळं दुरुस्त केली. दादा आपल्या शेजारी दुकानात बसेल असं ते धरून चालले होते, आणि दादा लिफ्टचा मेकॅनिक झाला. त्यावरून भांडण काही झालं नाही. झालं असतं तर बरं, निदान काही बोलले तरी असते. दोघंही हवापाण्यावर तासभर बोलतील, पण एकमेकांचं कौतुक करायची वेळ आली की मूग गिळून बसतील. मला या दोघांचा अगदी राग येतो, आणि दोघांवाचून करमतही नाही.

आता बाबांचे हात थरथरतात. दुकान बंद झालं, सैनिक रंगवणंही थांबलं. शेवटचा रंगवला तो त्यांचा सरदार, निळ्या चिलखताचा, पट्ट्याच्या बकलावर सोनेरी ठिपका असलेला. तो वाळला तेव्हा बाबांनी कुंचले माझ्या हवाली केले.

"हा त्याच्या हातून पडू दे," ते म्हणाले. "बघू तरी काय बोलतो."

तेव्हापासून बाबांनी लाज सोडली. ज्या माणसाने कधी एक सैनिक फुकट घालवला नव्हता, तो आता सरदाराला उघड्या मैदानात, दादाच्या तोफांपुढे आणून उभा करू लागला. दादाही काही कमी नव्हता. कधी म्हणायचा डोंगर आडवा येतोय, कधी म्हणायचा तोफ तापलीय. वहिनी टेप लावून काही आडवं येत नसल्याचं दाखवून द्यायची, तरी हा पठ्ठ्या शेजारच्या बिचाऱ्या सैनिकावरच गोळा टाकायचा. पूर्ण पावसाळा असाच गेला. बाबा जिंकत राहिले आणि दर रविवारी चिडचिडे होऊन झोपायला गेले.

शेवटी एका रविवारी बाबांनी सरदाराला थेट दादाच्या सरदारापुढे नेऊन भिडवलं. हातघाईत कोणालाच पळ काढता येत नाही, भिडवणाऱ्याने फासा टाकायचा आणि दोघांपैकी एक पडणारच. बाबांचा सरदार शेजारी पडलेल्या गोळ्यांनी आधीच जखमी, सहाच पडले तर तो वाचणार आणि समोरचा जाणार. दादा अडकला. बाबांनी खुशीत शर्टाची कॉलर नीट केली, फासा उचलला, आणि तो त्यांच्या थरथरत्या बोटांतून निसटून टेबलावर पडला.

सहा. दादाचा सरदार गेला.

फासा हातातून पडला, टाकला नव्हता, असं बाबांनी वहिनीला समजावून पाहिलं. वहिनीने शिट्टी वाजवली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, तर मी समाधीचं झाकण काढण्यात गढून गेले. इतके दिवस ऐकायला आसुसलेल्या माणसावर बोलायची पाळी आली होती, आणि मला तेव्हा त्यांची फार दया आली.

बाबा टेबलाला धरून उभे राहिले. "हा सरदार शूर होता," ते म्हणाले आणि खाली बसू लागले. वहिनीने शिट्टी ओठांशी नेली.

"एकदा दवाखान्यातली लिफ्ट मध्येच अडकली होती," बाबा दादाच्या सरदाराकडे बघत म्हणाले. "मी डोळे दाखवायला गेलो होतो, जिन्यात उभा होतो. आत एक बाई रडत होती. हा वरून काम करत होता आणि सगळा वेळ तिच्याशी बोलत होता. तिच्या पोरांची नावं विचारली, काय शिकतात ते विचारलं. लिफ्ट हलली तेव्हा ती हसत होती. मला एवढं कधी जमलं नसतं. मी जिन्यातल्या लोकांना सांगणार होतो, हा माझा मुलगा म्हणून. नाही सांगितलं. घरी आल्यावर याला म्हटलं, हात धू, जेवायला बस."

आणि ते खाली बसले.

दादाला हे माहीत नव्हतं. आम्हाला कोणालाच नव्हतं. तो बराच वेळ हातातल्या सरदाराच्या पायाखालची धूळ पुसत राहिला, मग त्याने त्याला समाधीत ठेवलं. मी झाकण लावायला पुढे झाले.

"राहू दे," दादा म्हणाला. "आत्ताच लावू नकोस."

त्याने वहिनीला विचारलं, आता डाव आपला ना. वहिनीने मान डोलावली. मग दादा खुर्ची पुढे ओढून बसला आणि उरलेल्या सगळ्या तोफा एकेक करून बाबांच्या सरदाराकडे वळवू लागला.