ताराचे केस लाल कोणी केले?

डॉक्टरसाहेब, तुम्हाला माहीत होतं. आमच्या वस्तीला माहीत नव्हतं. भैयाजी महाराजालाही अर्धंच माहीत होतं. तुम्हाला पूर्ण माहीत होतं, आणि तरी तुम्ही हात जोडले. तुमचं नाव इथं लिहीत नाही. आमच्या सक्करदऱ्यात ते सगळ्यांना ठाऊक आहे.

दुष्काळाचं साल. रेशनवर लाल मिलो ज्वारी, तीही मिळाली तर. अशा दिवसांत जयवंताबाईच्या खोलीपासून तळ्यापर्यंत रांग लागली. कोराडीहून बसने, हुडकेश्वरकडून बैलगाडीने माणसं येत होती. कशासाठी? तर जयवंताच्या नऊ वर्षांच्या ताराचे केस लाल झाले म्हणून! पाटावर बसवलेली पोर, गळ्यात झेंडूचे हार आणि डोक्यावर निखारे ठेवल्यासारखे केस. खोटं कशाला सांगू, पाहणाऱ्याच्या अंगावर काटा येई.

"ज्वालामाई प्रकट हो गयी!" भैयाजी गरजायचा. माणूस इथलाच, पण देवीचा जयघोष हिंदीत करी. त्यानं वजन पडतं. "कोणाले शंका असन त्यानं आपल्या बायकोच्या डोक्यावर मेंदी थापावी. असे केस करून दाखवा, मी आजच गादी सोडतो!"

बायकांनी खरंच थापली. गल्लीभर मेंदीचा वास. पण काळे केस धुतल्यावर काळेच निघाले, थोडी चकाकी आली इतकंच. झालं! मेंदी नव्हे म्हणजे देवीच. भैयाजीची बहीण इंदूबाई दर पौर्णिमेला 'शृंगारा'साठी पोरीला घेऊन दार लावून बसे. तिचे तळवे रंगलेले असत, पण बाईच्या तळव्यावरची मेंदी कोणाच्या डोळ्यांत खुपणार?

पुढचं ऐका. "माईले अन्न चालत नाही," भैयाजीनं फर्मावलं. बताशे आणि तीर्थ, बस्स. नवरा गेल्यापासून विड्या वळून पोट भरणाऱ्या जयवंतानं पोरीची भाकर बंद केली. थोड्या दिवसांत ताराचं तोंड फुगलं, पाय फुगले. भैयाजी म्हणाला, "पाहा, अन्नाविना माई भरून आली!" लोकांनी जयजयकार केला.

त्याच दिवशी तुम्ही आलात, साहेब. गर्दीनं वाट दिली. तुम्ही वाकून पोरीच्या पायाला अंगठा लावलात. उचललात, तर तिथं खळगा. ओल्या मातीत पडावा तसा, आणि तो भरेना. मी शेजारी उभा होतो. तुम्ही खळग्याकडे पाहिलंत, केसांकडे पाहिलंत. मग हार घातलात, हात जोडलेत आणि निघून गेलात.

कुसुमताई मात्र निघून गेल्या नाहीत. त्या ताराच्या वर्गशिक्षिका. पोर शाळेत दिसेना म्हणून रांगेत उभ्या राहून आल्या आणि पाटाशी बसल्या.

"तारा, पौर्णिमेला काय करते गं इंदूबाई?"

"थंडा चिखल लावते डोक्याले. हिरवा." पोरीचा आवाज निघत नव्हता. "बाई, मले भूक लागली."

"चूप वं!" जयवंता भ्याली. "माई असं बोलत नाही."

कुसुमताई मला म्हणाल्या, "मागच्या वर्षी हिची वेणी काळीभोर होती. गोवर झाला, घरात खायला नव्हतं, तेव्हा केस भुरे पडले. भुऱ्या केसांवर कोणी मेंदी लावून पाहिली का?"

पिकल्या केसांवर मेंदी चढते हे सगळ्यांना ठाऊक, पण पोरीचे केस काही पिकलेले नव्हते; वस्तीत भुऱ्या केसांचं माणूस कुठून आणायचं? शेवटी शेजारच्या भीमाबाईची बकरी आणली. भुरी, चांगली लांब दाढीवाली. जयवंताच्या दारच्या मंडपासमोर सकाळी सगळ्यांदेखत एकाच वाटीतली मेंदी बकरीच्या दाढीला आणि कुसुमताईंच्या वेणीच्या टोकाला लावली. भीमाबाई बकरीचे कान धरून बसली. दुपारी दोन्ही धुतलं. वेणी काळी ती काळीच. दाढी लालभडक!

"बाप्पा!" भीमाबाईनं गालावर हात ठेवला. "माह्या घरात देव्हारा नाही. छप्पन साली दीक्षा घेतली अन् सारे देव नदीत सोडून आलो. अन् देवी आली ते माह्याच बकरीवर?"

"जादूटोणा आहे हा!" भैयाजी ओरडला.

"मंग पाया पड ना गा तिच्या! चार तिले बताशे!" भीमाबाई म्हणाली.

हसण्याचा लोंढा उठला. जयवंता हसली नाही. तिनं हार तोडून फेकले, पोरीला खांद्यावर टाकलं आणि तडक मोठ्या इस्पितळात नेलं. तिथल्या पोरसवदा डॉक्टरनं दारातूनच विचारलं, "हिला खायला काय देता?" डाळ, दूध, अंडं पोटात गेलं नाही की लेकराचे केस भुरे पडतात, अंगावर सूज येते, तो म्हणाला. "हे कोणताही डॉक्टर नुसत्या नजरेनं ओळखतो. आणखी उशीर केला असता, तर पोर गेली असती."

कोणताही डॉक्टर.

तारा वाचली. भैयाजी आणि इंदूबाई पसार झाले. पण जयवंता मला काय म्हणाली, ते ऐका. "भाऊ, तो चोरच होता, त्याचं काही नाही. त्याच्यावर माहा अर्धाच भरोसा होता. डॉक्टरनं हात जोडले तवा मी म्हटलं, एवढा शिकलेला माणूस पाया पडून राहिला, तं खरंच असन. त्या रोजी मी चोरून तिले भाकर देणार होती. नाही देली."

लोकहो, चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी विचारा, हे झालं कसं? आपल्या हातानं करून पाहा. लेकरू सुजलं, सुकलं, त्याचा रंग बदलला, तर आधी त्याच्या पोटात काय गेलं ते विचारा. त्याला पूजा नको, जेवण द्या. एवढं कळायला शाळा-कॉलेज लागत नाही.

ज्यांनी कॉलेज केलं, त्यांना मात्र एकच विचारायचं आहे. डॉक्टरसाहेब, त्या दिवशी एवढंच बोलायचं होतं, "बाई, पोरीला जेवू घाल." का बोलला नाहीत? उत्तर मला नको. जयवंतासमोर उभं राहून द्या. ती घरीच असते. कधी येता?