कुरणात उभी राहिलेली गुढी

मित्रांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर एक चित्र पाहा. तुम्ही घराच्या वरच्या खिडकीत उभे आहात. समोरची जमीन पोळपाटासारखी सपाट आहे. डोंगर नाही, टेकडी नाही, साधा उंचवटाही नाही. फक्त हिरवे कुरण, त्यातून जाणारे पाण्याचे सरळ चर आणि अगदी दूर चर्चचा मनोरा. वर मात्र केवढे मोठे आभाळ! त्याच्या एका कोपऱ्यात ऊन पडले आहे, दुसऱ्या कोपऱ्यात काळाकुट्ट ढग आहे आणि दोघांच्या मध्ये अर्धे इंद्रधनुष्य. आता कुरणाच्या मधोमध पाहा. एक काठी उभी आहे. दिसली का?

ती मी.

मी एक जुनी बांबूची काठी आहे. माझा जन्म कुठल्या देशात झाला ते मला सांगता येणार नाही. इतके आठवते की मला तोडले, सोलले, वाळवले आणि माझ्यासारख्याच पुष्कळ काठ्यांबरोबर दोरीने बांधून जहाजात घातले. रॉटरडॅमच्या बंदरात उतरल्यावर आमची जुडी एका बागकामाच्या दुकानात आली. तिथे मृदुला नावाच्या एका मराठी बाईने प्रत्येक काठी हातात घेऊन, डोळ्यांसमोर धरून पाहिली आणि शेवटी मला निवडले.

"घेवड्याचे वेल चढवायला का?" दुकानदाराने विचारले.

"नाही, साडी नेसवायला," मृदुला म्हणाली. दुकानदार बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिला.

मृदुला आणि तिचा नवरा श्रीकांत पुण्याहून नेदरलँड्समध्ये नोकरीसाठी आलेले. अ‍ॅमस्टेलव्हीन गावाच्या अगदी टोकाला त्यांचे घर आहे. घरामागे छोटी बाग, बागेमागे चर आणि चराच्या पलीकडे ते कुरण. मी त्यांच्या गुढीची काठी झाले. दरवर्षी पाडव्याला मला न्हाऊ घालतात, हळदकुंकू लावतात, माझ्या शेंड्याला रेशमी वस्त्र, कडुलिंबाचा डहाळा, डॅफोडिलच्या फुलांची माळ आणि पुण्याहून आलेली साखरेची गाठी बांधतात. वर तांब्याचा लखलखीत तांब्या पालथा घालतात. मग मला मागच्या बाल्कनीत उभे करून घरातले सगळे नमस्कार करतात.

पहिल्या वर्षी शेजारच्या एल्स आजी कुंपणावरून डोकावून म्हणाल्या होत्या, "छान आहे हो! पक्षी हाकलायला लावलंय का?"

मृदुला हसून हसून बेजार झाली. पण मित्रांनो, तो प्रश्न तुम्ही लक्षात ठेवा.

पाडवा एक दिवसाचा. सूर्य मावळला की माझे सगळे दागिने उतरत, शेंड्याला बांधलेला लाल दोरा तेवढा राही आणि मी बागेतल्या खोपटात जाई. तिथे सायकलचा पंप, बर्फावरची मोडकी घसरगाडी आणि कोळ्याची जाळी हेच माझे सोबती. वर्षभर कुणी माझ्याकडे पाहत नसे. मी तक्रार करीत नाही, पण काठीलासुद्धा उभे राहावेसे वाटते. भिंतीला टेकून राहणे निराळे आणि उभे राहणे निराळे.

या वर्षी पाडवा एप्रिलमध्ये आला. एप्रिल महिन्यात इकडचे आभाळ फार लहरी असते. सकाळी काय घालून बाहेर पडावे ते कुणालाच कळत नाही. त्या आठवड्यातला रविवार मात्र सोन्यासारखा उगवला. मृदुलाची नऊ वर्षांची मुलगी संहिता चरावरची फळी ओलांडून कुरणात गेली होती. कुरणाचे मालक हेन्क तिचे दोस्त. इकडे मोठ्या माणसांनाही नावानेच हाक मारतात, म्हणून ती त्यांना नुसते 'हेन्क' म्हणते. मृदुलाला ते पटत नाही, म्हणून घरात त्यांचे नाव हेन्क आजोबा.

थोड्याच वेळात संहिता धावत खोपटात आली, तिने मला जाळ्यांतून ओढून काढले आणि खांद्यावर टाकून कुरणात नेले.

हेन्क आजोबा गवतात वाकून पाहत होते. तिथे जमिनीवरच, मुठीएवढ्या खळग्यात, मातकट रंगाची ठिपकेदार चार अंडी होती. टिटवीची अंडी. इकडच्या टिटवीच्या डोक्यावर लांब तुरा असतो आणि तीही झाडावर नाही, उघड्या रानात घरटे करते. ती आमच्या डोक्यावर घिरट्या घालीत ओरडत होती.

"ही घे, माझ्याकडे आहे काठी!" संहिता म्हणाली.

"वा! माझ्या सगळ्या संपल्या होत्या." त्यांनी मला घरट्यापासून काही पावलांवर रोवले. "फार जवळ नको. नाहीतर कावळ्यांना पत्ता कळतो. जमीन सुकली की मी ट्रॅक्टरला लोखंडी जाळी लावून, ती ओढत ही ढेकळं आणि शेण सपाट करणार. वरून अंडी दिसत नाहीत, काठी दिसते. काठी दिसली की मी वळतो."

"आणि तू विसरलास तर?"

"मी विसरतोच! म्हणून तर काठी लागते."

मित्रांनो, त्या क्षणी मला काय वाटले असेल! माझ्या अंगावर रेशीम नव्हते, फुले नव्हती. पण चार जीव माझ्या भरवशावर होते. एल्स आजींना सांगावेसे वाटले, पक्षी हाकलायला नव्हे, राखायला!

संहिताने घरी जाऊन मोठ्या आनंदाने सांगितले, "आई, टिटवीने अंडी घातलीत!"

"अगं बाई, सणाच्या तोंडावर टिटवीचं काय घेऊन बसलीस?" मृदुला म्हणाली. लहानपणापासून तिने ऐकले होते की टिटवीचे ओरडणे चांगले नसते. संहिता हिरमुसली आणि पुढचे, म्हणजे माझ्याविषयीचे, सांगायचे राहून गेले.

सोमवारी गारा पडल्या. वाटाण्याएवढ्या गारा माझ्यावर टणाटण आपटत होत्या. टिटवी पंख पसरून अंड्यांवर बसून राहिली, जागची हलली नाही. मंगळवारी वारा सुटला. अडवायला डोंगर नाही, म्हणून तो थेट समुद्रावरून धावत येतो. एल्स आजींची खुर्ची उडून चरात पडली. मीही वाकले, कलले, पण सुटले नाही. बुधवारी सकाळी कुरणावर बर्फाची पातळ साय होती आणि दुपारी इतके ऊन, की गायींच्या पाठीतून वाफा निघाल्या. संहिता रोज शाळेतून येताना चराच्या काठावर उभी राहून मला हात करी. जवळ येत नसे. माणूस जवळ आले की टिटवी अंडी सोडून उडते, हे तिला हेन्क आजोबांनी शिकवले होते.

बुधवारी संध्याकाळी मृदुला खोपटात मला शोधायला गेली. उद्या पाडवा!

"श्रीकांत, अरे, ते बघ! ती आपलीच काठी ना? शेंड्याला लाल दोरा दिसतोय."

"तिथे कशी गेली?"

"कालच्या वाऱ्यात! एल्सची खुर्ची नाही का उडाली? बघ कशी तिरकी रुतलीये."

श्रीकांत फळीवरून आला. त्याने मला उपटले आणि माझ्या अंगावरचा चिखल गवताला पुसला. पायाखालच्या रानात काय आहे ते त्याला कुठून ठाऊक असणार? टिटवी जिवाच्या आकांताने ओरडत होती. मला ओरडता येत नाही. संहिता पोहण्याच्या वर्गातून इतकी दमून आली की जेवताजेवताच पेंगली. आणि मी न्हाणीघरात आंघोळ करीत होते.

गुरुवारी आभाळ धुतल्यासारखे निळे होते. वारा कोरडा होता. सूर्य उगवताना मला बाल्कनीत उभे केले. तांब्या झळकला, रेशीम फडफडले. मृदुलाने आणि श्रीकांतने हात जोडले. माझ्या आयुष्यातला सर्वांत देखणा दिवस, आणि मला मात्र कुरणातले ते रिकामे भोक दिसत होते. इतक्यात पलीकडच्या टोकाला ट्रॅक्टर सुरू झाला.

संहिता नवे परकर-पोलके घालून डोळे चोळत आली.

"नमस्कार कर गुढीला," मृदुला म्हणाली.

संहिताने मान वर केली आणि तिचा चेहराच उतरला. "आई, ही... ही काठी कुणी आणली?"

"बाबाने. वाऱ्याने उडाली होती."

"उडाली नव्हती! मी दिली होती हेन्कला! तिथे नेस्ट आहे, आई. काठी नसली तर त्याला अंडी दिसणारच नाहीत! काढ ना ही, प्लीज!"

"अगं, सूर्यास्ताआधी गुढी उतरवत नाहीत."

"हेन्कचा नंबर आहे का कुणाकडे?" श्रीकांतने खिसे चाचपले.

"एल्सकडे असेल. थांब, मी विचारते. पण तू आधी सांगायचं नाहीस का गं?"

"तूच म्हणालीस, टिटवीचं काय घेऊन बसलीस!"

मृदुलाचा हात मला कठड्याला बांधलेल्या दोरीच्या गाठीकडे गेला, थांबला, पुन्हा गेला. आणि तेवढ्यात खालचे दार आपटल्याचा आवाज आला. संहिता बाल्कनीत नव्हती.

मला वरून सगळे दिसत होते. परकर दोन्ही हातांनी उचलून, पायात गमबूट घालून ती फळीवरून धावली. मागून श्रीकांत, अनवाणी. ट्रॅक्टर अजून दुसऱ्या टोकालाच होता. संहिताने गवतात शोधून माझे भोक बरोबर हुडकले, त्यावर टाचा जुळवून ती उभी राहिली आणि तिने दोन्ही हात डोक्यावर सरळ उंच केले. अगदी माझ्यासारखे.

तेवढ्यात एक काळा ढग आला. त्या निळ्या आभाळात तो कुठून आला कोण जाणे! तडतड गारा पडू लागल्या. तिच्या नव्या पोलक्यावर, केसांवर, हातांवर. ती हलली नाही. ट्रॅक्टर जवळ आला, मंदावला आणि मोठे वळण घेऊन बाजूने निघून गेला. मागे हिरव्या गवताचा एक गोल तसाच राहिला.

"संहिता, ये आता! गेला तो!" मृदुलाने बाल्कनीतून हाक मारली.

"सूर्यास्ताआधी नाही!" खालून उत्तर आले. "तो परत येणार आहे!"

श्रीकांत तिच्याजवळ जाऊन हळूच म्हणाला, "बाळा, तू उभी आहेस तोवर टिटवी यायची नाही. अंडी गार पडतायत."

संहिताच्या डोळ्यांत पाणी आले. उभे राहावे तर अंडी गार पडणार, जावे तर ट्रॅक्टर परत येणार. तिने वर केलेले हात मात्र खाली घेतले नाहीत.

मित्रांनो, मोठी माणसे नेहमीच ऐकत नाहीत असे नाही. कधीकधी त्यांना थोडा वेळ लागतो, एवढेच. मृदुला माझ्याजवळून खाली गेली होती. आता मला ती फळीवरून येताना दिसली. अंगावर नारायणपेठी साडी, पायात श्रीकांतचे भलेमोठे गमबूट आणि हातात स्वयंपाकघरातल्या झाडूचा लांब दांडा. त्याच्या टोकाला तिने माझ्यासारखाच लाल दोरा बांधला होता.

"घे. रोव नीट," ती म्हणाली. मग वर घिरट्या घालणाऱ्या टिटवीकडे पाहून हळूच पुटपुटली, "जातो गं बाई आम्ही, ओरडू नकोस."

माझी एवढीच विनंती आहे, मुलांनो. ज्याला वर्षातून एकदा नमस्कार करता, त्याला उरलेल्या दिवसांत काहीतरी काम द्या. आणि जे रोज मुकाट्याने राखण करते, त्यालाही एखादा नमस्कार करा. मला हे संहिताने शिकवले. कारण माझ्याच भोकात दांडा घट्ट रोवून झाल्यावर ती लगेच घरी वळली नाही. ती दोन पावले मागे सरली, तिने ओले केस कानांमागे सारले आणि बाल्कनीत राहून गेलेला नमस्कार तिने त्या झाडूच्या दांड्याला केला.